पाखऱ्या-बाळ्याचे सहा फेरे

अंधेरीच्या रेल्वे फाटकाशी पुन्हा मोजणीवाले येऊन बसले आहेत.

परवा सकाळी दूध घेऊन परतताना दिसले. चिंचेच्या सावलीत दोन खुर्च्या, मांडीवर पुठ्ठे, पुठ्ठ्यांना चिमट्याने लावलेले छापील तक्ते. एक जण स्टेशनाकडे जाणारी वाहनं मोजत होता, दुसरा येणारी. उभ्या चार रेघा, त्यांच्यावर एक आडवी, झाले पाच. मी त्यांच्या अगदी समोरून गेलो, पण एकानेही पेन्सिल हलवली नाही. पायी चालणाऱ्या माणसाला त्या तक्त्यात रकाना नसतो. हे मला ठाऊक आहे, कारण चार वर्षांपूर्वी त्यातल्या एका खुर्चीवर मी बसलो होतो.

तेवढ्यात पेंढ्याचा वास आला. मी चटकन बाजूला झालो, गाडीला वाट द्यायला. मागे वळून पाहिलं तर गाडी नव्हतीच. कोपऱ्यावरचा फळवाला संत्र्यांची पेटी फोडत होता आणि पेटीतला पेंढा रस्त्यावर टाकत होता. ओंजळभर पेंढा. त्याच्यासाठी मी रस्ता सोडून गटाराच्या कडेला जाऊन उभा राहिलो होतो.

अंग विसरत नाही, हे खरं.

मार्गशीर्ष लागला की मरोळ, चकाल्याकडची भातं खळ्यावर आलेली असायची. सकाळी अंगावर सदरा पुरत नाही इतपतच थंडी. शेतातल्या धसकटांवर दव, आणि फाटकापर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पिवळी किनार. ती किनार पेंढ्याच्या गाड्यांची. गाडी दिसायचीच नाही, दिसायचा तो एक हलता, डुलता पिवळा डोंगर, त्याच्या पुढे दोन शिंगजोड्या आणि डोंगराच्या पोटात कुठेतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलेला गाडीवान. रूळ ओलांडून पलीकडे म्हशींचे तबेले होते. इकडचा पेंढा तिकडे जायचा. भाताचं पीक वर्षातून एकदाच. पुढचे सहा महिने ही गावं त्या पेंढ्याच्या फेऱ्यांवर जगत.

फाटक अरुंद आणि गाडी रुंद. आत शिरताना पेंढा दोन्ही खांबांना घासायचा आणि खांबांना काड्या चिकटून राहायच्या. दुपारपर्यंत ते लोखंडी खांब दाढी वाढलेल्या म्हाताऱ्यांसारखे दिसत. फाटक बंद झालं की दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटं गाड्या उन्हात उभ्या. बैल उभ्या उभ्या रवंथ करत, मोटारवाले भोंगे वाजवत, गाडीवान मोटारवाल्यांच्या आईबापांची चौकशी करत. आणि मी, वीस वर्षांचा, हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन त्या गर्दीत फिरत असे. मला त्या फाटकासारखी दुसरी जागा आवडत नसे. थांबलेली माणसं! पत्रक वाटणाऱ्याला आणखी काय हवं?

मी वाढलोच पत्रकांवर. वडील गिरणीत, कोकणातून आलेले. शाळेत जाण्याआधी मी अक्षरं ओळखायला शिकलो ती त्यांनी संपाच्या काळात घरी आणलेल्या गुलाबी कागदांवर. ‘अ’ अननसाचा हे मला मागाहून कळलं, आधी ‘अ’ अन्यायाचा. आई तेच कागद डब्यांच्या तळाशी घालायची, फडताळात पसरायची, त्यामुळे आमच्या घरी तांदूळ काढायला गेलं तरी तळाशी ‘उठा!’ असं लिहिलेलं सापडे. पत्रकाची भाषा मला घरच्या भाषेसारखी येते. त्या भाषेत ‘ते’ असतात आणि ‘आम्ही’ असतो. ‘मी’ कधी नसतो. सहीच्या जागी ‘एक नागरिक’. किती सोयीचं असतं ते, हे मला फार उशिरा कळलं.

त्या साली फाटकाच्या पूर्वेला, शेतांच्या जागी, नवी वसाहत उठायची होती. दुमजली इमारती, शेकडो बिऱ्हाडं, मधे बाग. नकाशा म्युनिसिपालिटीच्या कचेरीत भिंतीवर लावला होता आणि त्यात झाडं हिरव्या शाईने काढली होती. एवढी माणसं आली तर या एका फाटकाचं काय होणार, हा प्रश्न कचेरीला पडला. कचेरीला प्रश्न पडला म्हणून मला कोण आनंद झाला! दोन वर्षं मी पत्रकांतून ओरडत होतो: रुळांवरून पूल झालाच पाहिजे. आता कचेरीच म्हणत होती की वसाहतीमुळे रहदारीवर काय परिणाम होईल ते मोजू या. तीन दिवस मोजणी करायची, त्यावर अहवाल, अहवालावर निर्णय. मोजायला मॅट्रिक झालेले तरुण हवे होते. मी अर्ज केला आणि माझ्याबरोबर माझा मित्र दत्तू यानेही केला. दत्तू आमच्याच चाळीतला, टंकलेखनाच्या परीक्षेला बसलेला, जगात कशावरच न रागावणारा.

मोजणीच्या आदल्या रविवारी मी गावात इनासमामांकडे गेलो.

इनासमामा पेंढ्याच्या गाडीवानांत वडीलधारे. चर्चच्या मागे त्यांचं कौलारू घर, दारात क्रूस, क्रूसाला झेंडूची माळ, शेजारी गोठा. गोठ्यात पाखऱ्या आणि बाळ्या. पाखऱ्याच्या पाठीवर पांढरे ठिपके होते, बाळ्या नुसताच तांबडा आणि आळशी. फाटकाशी उभं राहून राहून माझी आणि मामांची ओळख झाली होती. त्यांना वाचता येत नसे. माझं प्रत्येक पत्रक ते घडी करून टोपीत ठेवत आणि घरी जाऊन मुलीकडून वाचून घेत.

“काय पुढारी,” ते म्हणाले, “आज कागूद नाय आनला?”

मी त्यांना सगळं समजावलं. मोजणी कशी होते, रेघा कशा मारतात. अंगणातल्या धुळीत काटकीने मारूनही दाखवल्या. ते त्यांना फार आवडलं. पेंढ्याच्या भाऱ्यांचा हिशेब ते बोटांच्या पेरांवर ठेवत आणि पेरं संपली की घोटाळा होई. “चार उभी, पाचवी आडवी. म्हणजे चार मानसां मेली आणि पाचव्यानी उचलली,” ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

मग मी मुद्द्यावर आलो. गाड्या जितक्या जास्त, तितका पूल लवकर. आकडा मोठा दिसला पाहिजे. तुम्ही सगळ्यांनी एकदा पलीकडे जाऊन यायचं ते सहा-सहा वेळा जाऊन या. भारा उतरवूच नका. पलीकडे वळसा, परत अलीकडे, पुन्हा पलीकडे. तीनच दिवस.

मामांनी धुळीतल्या रेघांकडे पाहिलं. त्यांची बायको फिलूमामी उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ पाखडत होत्या, त्या थांबल्या.

“आरे, खोटा बोलाचा तं तू बोल, मी पन बोलतो,” मामा म्हणाले. “बैलांना कशाला बोलाया लावतंस?”

यावर मी हसलो. मग भाषण केलं. भाषणाचा शब्द न् शब्द आठवतो आणि आज कानात बोटं घालावीशी वाटतात. मी म्हणालो, ही लबाडी नाही, ही ताकद दाखवणं आहे. संख्या हीच गरिबाची ताकद. मोटारवाल्यांकडे पैसा आहे, तुमच्याकडे संख्या आहे. पूल झाला की तुमच्या बैलांना उन्हात तिष्ठावं लागणार नाही.

शेवटचं वाक्य त्यांना पटलं. ताकदीचं नव्हे, उन्हाचं. त्यांनी गोठ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बरा. तू शिकलेला हायस.” संध्याकाळी त्यांनी बाकीच्या पाच गाडीवानांना अंगणात बोलावलं आणि तेच भाषण मी पुन्हा केलं.

सोमवारी सकाळी आठला मी खुर्चीवर बसलो आणि पहिल्या दोन तासांतच माझा तक्ता रेघांनी भरून आला. सहा गाड्या होत्या गावातल्या. सहाही फिरत होत्या. गाडीवानांना गंमत वाटू लागली होती. माझ्यासमोरून जाताना ते तोंड गंभीर करत आणि पुढे गेले की एकमेकांना ओरडून विचारत, “किती झालं रं तुजं?” फाटकवाला मात्र चक्रावला. “कितना घास खाती है ये भैंस लोग?” असं तो दत्तूला दोनदा विचारून गेला. प्रत्येक फेऱ्यात भाऱ्यातून काड्या गळत. संध्याकाळपर्यंत भारे निम्म्याने बारीक झाले आणि फाटकातला रस्ता खांबापासून खांबापर्यंत पिवळा झाला. मावळतीचं ऊन त्यावर पडलं तेव्हा ते फाटक इतकं सुंदर दिसलं की मी दत्तूला हाक मारून दाखवलं.

दत्तू रस्त्याच्या पलीकडे बसला होता. त्याला कचेरीने एक घड्याळ दिलं होतं. तो वाहनं मोजतच नव्हता. तो काय करतो हे मी पहिल्या दिवशी विचारलंही नाही, इतका मी माझ्या रेघांत रमलो होतो.

मंगळवारी दुपारी, एक गाडी खूप वेळ आली नाही म्हणून मी पाय मोकळे करायला त्याच्याकडे गेलो. त्याने घड्याळ कानाशी लावलं होतं.

“तुझं काय रे चाललंय?” मी विचारलं.

“थांबलेल्या मोटारी,” दत्तू म्हणाला. “कुठली मोटार किती मिनिटं अडकली आणि कशामुळे.”

त्याने तक्ता माझ्यापुढे धरला. डाव्या रकान्यात मिनिटं होती. उजव्या रकान्याचं नाव होतं ‘अडथळ्याचे कारण’. दत्तूचं अक्षर सुरेख. त्या सुरेख अक्षरात त्याने वरपासून खालपर्यंत लिहिलं होतं: बैलगाडी. बैलगाडी. बैलगाडी. बैलगाडी. मधेच एकदा ‘फाटक बंद’, आणि पुन्हा बैलगाडी.

“च्यायला, काल-आज एवढ्या गाड्या कुठून आल्या कोण जाणे,” दत्तू म्हणाला. “लिहून लिहून हात मोडला. सरळ ‘वरीलप्रमाणे’ लिहू का रे?”

इथे मला थांबायला हवं. या लेखात आणि त्या दिवशीही.

कारण मला समजलं होतं. पूर्ण नाही, पण पुरेसं. मी जिला संख्या म्हणत होतो, तिला दत्तूच्या तक्त्यात अडथळा म्हणत होते. माझ्या प्रत्येक रेघेमागे त्याच्या तक्त्यात एक ‘बैलगाडी’ पडत होती. दोन तक्ते एकाच टेबलावर जाणार होते.

आणि मी काय केलं? मी म्हणालो, “वरीलप्रमाणे नको. साहेबाला चालायचं नाही.” एवढं म्हणून मी माझ्या खुर्चीवर येऊन बसलो. मी स्वतःला समजावलं की अडथळा मोठा दिसला तर पूल आणखीच लवकर. आधीच्या रात्री मी पुढच्या पत्रकाचा मथळा लिहून ठेवला होता, ‘आकडे बोलू लागले!’ तो मथळा मला फार आवडला होता. आज विचारलं तर याहून खरं कारण मला देता येत नाही. मथळा आवडला होता. शिवाय गावात जाऊन सहा गाडीवानांसमोर, ज्यांच्यापुढे परवा भाषण केलं त्यांच्यापुढे, ‘माझं चुकलं, थांबा’ असं म्हणायचं तर तोंड कुठलं आणायचं?

बुधवारी पाखऱ्या लंगडत होता.

सकाळच्या दुसऱ्या फेऱ्याला इनासमामांनी गाडी चिंचेखाली घेतली आणि खाली उतरले. पाखऱ्याच्या पुढच्या उजव्या खुरात काहीतरी झालं होतं. तो पाय टेकवायचा आणि उचलायचा, टेकवायचा आणि उचलायचा. मामांनी खूर हातात घेऊन पाहिला.

“आता पुरे रं,” ते म्हणाले. “दोन दिस झालं ना?”

पुरे म्हणायला यापेक्षा चांगली संधी मला कोण देणार होतं? सगळं आपोआप थांबलं असतं. मला चूक कबूल करावी लागली नसती. पण नेमका तेव्हाच कचेरीचा साहेब पाहणीला आला होता, पांढरी टोपी घालून फाटकाच्या खांबाशी उभा होता, आणि मला वाटलं, आज गाड्या कमी झाल्या तर?

“मामा, आजचाच दिवस,” मी हळूच म्हणालो. “साहेब बघतोय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं. मग पाखऱ्याच्या मानेवर थाप मारली आणि वर चढून बसले. “चल बाबा. साहेब बगतय तुना.”

साहेब खरोखरच बघत होता. लंगडा बैल रुळांच्या मधोमध अडखळला, गाडी तिरकी झाली, मागे मोटारींची रांग लागली, भोंगे सुरू झाले. साहेबाने खिशातून वही काढून काहीतरी टिपलं. दत्तूने घड्याळ पाहिलं. मी एक रेघ मारली.

नाताळात मामींनी मला बोलावून फुगे खायला घातले होते. तळलेले, गोल, आतून पोकळ. अंगणात कागदाची चांदणी टांगली होती आणि गोठ्यात पाखऱ्या एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभा होता. मी सहा फुगे खाल्ले. मोजून सांगतो असं नाही, मामीच मोजत होत्या आणि “अजून घे, तुज्या पुलाचे” म्हणत होत्या.

शिमग्याच्या सुमारास फाटकाशी पाटी लागली. पुलाचा विचार यथावकाश होईल. तोवर, वसाहतीची वाढती रहदारी लक्षात घेऊन, सकाळी आठ ते रात्री आठ बैलगाड्या व हातगाड्या यांना फाटकातून मनाई.

दुसरं फाटक गाठायचं तर बैलांचा दिवस जाण्यायेण्यातच जायचा. रात्री आठनंतर जावं, तर तबेलेवाले पेंढा घेत नसत. अंधारात कंदील घेऊन पेंढ्याच्या माळ्यावर कोण चढणार? एक ठिणगी पडली की म्हशींसकट राख. पंधरा दिवसांत तबेल्यांना बाहेरगावाहून लॉरीतून पेंढा येऊ लागला. लॉरीला मनाई नव्हती.

आता लाजेचा खरा भाग येतो. इथवर जे सांगितलं ती चूक म्हणून खपवता आली असती.

पाटी लागल्यावर तिसऱ्या दिवशी मी पत्रक काढलं, ‘गाडीवानांवर घोर अन्याय!’ माझ्या आजवरच्या पत्रकांत ते सर्वांत जळजळीत होतं, असं सगळे म्हणाले. त्यात मी कचेरीला सात प्रश्न विचारले होते. पाचवा असा: ‘रोज एकदा जाणाऱ्या गरीब गाड्यांना अडथळा ठरवणारे हे फुगवलेले आकडे आले तरी कुठून?’

हे मी लिहिलं. माझ्या हाताने. खाली ‘एक नागरिक’.

ते वाटताना माझा आवाज कापत होता आणि लोकांना वाटलं, संतापाने. इनासमामांनी पत्रक घडी करून टोपीत ठेवलं. वैशाखात, गावातल्या बायका मसाले कुटून काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात त्या दिवसांत, फिलूमामी आमच्या चाळीत आल्या. दोन जिने चढून धापा टाकत. हातात कापडात गुंडाळलेली मसाल्याची बाटली. आईला म्हणाल्या, “तुमच्या पोरानी आमच्यासाटी लिवला. हे ठेवा.”

आई मालवणची. मसाल्याच्या बाबतीत कुणाचं कौतुक करायची नाही. पण त्या मसाल्याचं कालवण केलं आणि खूश झाली. “काय रे झिला, मसालो बरो आसा. तू कित्याक जेवनस नाय?” मी म्हटलं, पोट बरं नाही. त्या बाटलीतला मसाला संपेपर्यंत माझं पोट बरेचदा बरं नव्हतं.

वसाहत झाली. चांगली झाली, खोटं का बोला. नकाशातल्यासारखी नसली तरी बाग आहे, बागेत मुलं असतात, संध्याकाळी गॅलऱ्यांतून रेडिओ ऐकू येतो. ज्यांना खोल्या मिळाल्या त्यांच्यात आमच्यासारखेही आहेत. माझा राग त्या घरांवर कधीच नव्हता. माझं म्हणणं एवढंच होतं की नवं काही उभं राहताना त्याचा धक्का कुणाला बसतो हे नीट मोजा. ते मोजायला मला बसवलं होतं.

पुढच्या हंगामात इनासमामांनी आधी बाळ्याला विकलं, आणि मग पाखऱ्याला. लंगड्या बैलाला कोण घेतं ते मी विचारलं नाही.

परवा मोजणीवाल्यांपुढून गेलो आणि दहा पावलं गेल्यावर परत फिरलो. त्यातल्या एकाला विचारलं, ही मोजणी कशासाठी. पुलाच्या आराखड्यासाठी, तो म्हणाला. “पुलावर बैलगाड्यांना जागा ठेवायची की मनाई कायमचीच करायची, ते ठरायचंय. जुने आकडे आहेतच, त्यांच्याशी ताडून बघणार.” मग तक्त्यावर पेन्सिल ठेवून हसला. “बैलगाडीच्या रकान्यात आज सकाळपासून भोपळा आहे.”

गावात अजून तीन गाड्या आहेत. विटा-माती वाहतात, फाटकाच्या अलीकडेच.

मी तडक वसाहतीकडे गेलो. इनासमामा आता तिथे दारावर असतात. खाकी सदरा, डोक्याला तीच जुनी टोपी, बसायला लाकडी पेटी. आत येणाऱ्या मोटारी आणि लॉऱ्या लिहून ठेवायचं त्यांचं काम. लिहिता येत नाही म्हणून आधी त्यांना ठेवत नव्हते. मग त्यांनी सेक्रेटरीला रेघा मारून दाखवल्या, चार उभ्या, एक आडवी. मांडीवरच्या वहीत पानंच्या पानं भरली आहेत.

“काय पुढारी, लय दिसांनी?”

मी त्यांच्या शेजारी पेटीवर बसलो. चार वर्षांत वाटेत भेटायचो, हात करायचो, घाईत आहे असं दाखवून निघून जायचो. त्या दिवशी मोजणीचं सांगितलं. पुढचं सांगायला तोंड उघडलं.

तेच बोलले. “त्या फेऱ्यांचा ना? मी सांगून टाकला तवाच.”

“कोणाला?”

“पाद्रीबाबाला. नाताळच्या आदी पापं सांगाया जातो ना आमी. तवा बोललो, बाबा, तीन दिस बैलांना खोटा बोलाया लावला.” ते हसले. दात आता कमी झाले आहेत. “पाद्रीबाबा पन जाळीच्या आत हसला. बोलला, इनास, बैल खोटा बोलत नाय, बैल चालतो. खोटा मानसाचा. मग मना प्रार्थना म्हनाया लावल्या. म्हनल्या. फिलू बोलली, पाटी लागली ती त्याच्याच पायी. मी बोललो, आसंल.”

म्हणजे त्या नाताळात मी त्यांच्या अंगणात फुगे खात होतो तेव्हा हा माणूस आपलं ओझं उतरवून आला होता. आणि पाटी लागली तेव्हा त्याने ती स्वतःच्या पापाची शिक्षा म्हणून घेतली. माझं नावही घेतलं नाही, चर्चमध्येही नाही, घरीही नाही. आणि मी पाचवा प्रश्न छापत होतो.

“तुमच्यात कोनाला सांगतात रं?” मामांनी विचारलं. टोमणा नव्हता. खरोखरच विचारत होते.

तेवढ्यात एक मोटार आली. ते उठले, दार उघडलं, दार लावलं, पेटीवर बसून वहीत रेघ मारली. मला वाटलं, विसरले असतील. ते विसरले नव्हते, उत्तराची वाट पाहत होते.

“उद्या येतो,” मी म्हणालो.

लिहायला सकाळ गेली. मला पत्रक पटकन लिहिता येतं, पण हे पत्रक नव्हतं आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला हात ‘त्यांनी’ लिहायला जाई. कचेरीला अर्ज. चार वर्षांपूर्वीच्या मोजणीतले बैलगाड्यांचे आकडे खोटे आहेत. गाड्या सहा होत्या, रोज एकदा जात. मी त्यांना रोज सहा-सहा फेरे मारायला लावले. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांनी आधी नको म्हटलं होतं. मी मोजणीला नेमलेला होतो आणि हे मला ठाऊक होतं. ते आकडे धरून मनाई कायम करू नये. खाली माझं नाव, चाळीचा पत्ता.

दुपारी वसाहतीच्या दाराशी मामांना तो वाचून दाखवला. इतकी वर्षं माझं लिहिलेलं त्यांना दुसरं कुणी वाचून दाखवत असे. टोपी मांडीवर ठेवून, डोळे मिटून ते ऐकत होते. मधे एकदा बोट वर केलं.

“सहा फेरे रोज नाय. सोमवारी सहा. मंगळवारी पाच, तवा गाडीचा जू सुटला होता.”

मी खोडून दुरुस्त केलं.

“बुधवारी?” मी विचारलं.

“बुधवारी सहा.” दाराबाहेर रस्त्यावरून विटांची एक बैलगाडी चालली होती, तिच्याकडे ते बघत राहिले. “पाखऱ्याचा नाय लिवलास.”

“मामा, कचेरीच्या अर्जात बैलाचं...”

“लंगडत होता. ता लिव.”

मी अर्जाखालचा पुठ्ठा गुडघ्यावर घेतला. नावाच्या वर थोडी जागा शिल्लक होती. तिथे लिहिलं: बुधवारी इनासमामांचा पाखऱ्या नावाचा बैल लंगडत होता. गाडीवानाने पुरे म्हटलं. मला तो लंगडताना दिसत होता.